भावकी नसलेल्या गावात

माझे थोरले चुलते, अण्णा, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. नोकरी तहसील कचेरीत झाली, पण गावात त्यांची खरी ओळख वेगळी. कुणाकडे मयत झालं की बांबू कुठून आणायचे, सुतळी किती लागेल, सरण कसं रचायचं, यासाठी पहिली हाक अण्णांना. मी अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात राहते. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मध्ये धान्याची उंच कोठारं, दोन-तीन चर्च आणि एक फ्युनरल होम. त्या फ्युनरल होमच्या ऑफिसात मी फोन, फॉर्म आणि हिशेब बघते. अण्णा उन्हाळ्यात आमच्याकडे आले, थोडे दिवस गप्प बसले आणि मग त्यांनी विषय काढलाच.

अण्णा : तू मयताच्या दुकानात कामाला आहेस हे मी गावाकडं कुणाला सांगितलेलं नाही. पण मला तरी कळू दे. विकता काय तिथं?

मी : विकतो थोडं, करतो जास्त. माणूस गेल्यापासून पुरेपर्यंत किंवा दहन होईपर्यंत जे जे करावं लागतं ते सगळं. घरातून किंवा दवाखान्यातून आणायचं, थंड खोलीत ठेवायचं, आंघोळ, कपडे, मृत्यूचा दाखला, पेपरातली बातमी, पाद्र्यांशी बोलून वेळ ठरवणं, फुलं, गाडी, स्मशानातला खड्डा. आणि सगळे पाहुणे गेल्यावरचे कागद.

अण्णा : आपल्याकडं माणूस गेला की अर्ध्या तासात दारात पंचवीस माणसं. कुणी लाकडाचं बघतो, कुणी पाहुण्यांना फोन लावतो, कुणी बायकांना सावरतं. घरच्यांना चूल पेटवावी लागत नाही, शेजारून कडू घास येतो.

मी : इथं त्या पंचवीस माणसांचं काम आम्ही चौघं करतो. पैसे देऊन बोलावलेली भावकी म्हणा. इथल्या घरांची गत बघा ना. आई गावात एकटी, मुलगा टेक्सासला, मुलगी ओरेगनला. दोघांनाही पोचायला दीड दिवस. तोवर कोण बघणार?

अण्णा : समज, रात्री दोनला गेली. मग?

मी : बऱ्याच वेळा घरी हॉस्पिसची नर्स येत असते. शेवटच्या आजारात घरी येऊन बघणारी सेवा असते ती. नर्स मृत्यूची नोंद करते आणि आम्हाला फोन करते. अचानक गेली असेल तर 911 ला फोन, मग काउंटीचा मेडिकल एक्झामिनर ठरवतो की चौकशी लागणार की नाही. त्यानं सोडल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. मग आमचे मालक आणि आणखी एक जण साधी व्हॅन घेऊन जातात. ती लांब काळी गाडी रात्री नेत नाहीत, शेजाऱ्यांची झोपमोड कशाला. स्ट्रेचरवर पांढरी चादर घालत नाहीत, गोधडी घालतात. इथल्या चर्चमधल्या आज्यांनी शिवलेली आहे, निळ्या-पिवळ्या तुकड्यांची. घरच्यांना अजून तासभर जवळ बसायचं असेल तर मालक स्वयंपाकघरात कॉफी घेत थांबतात. मला विचाराल तर ते थांबणं हीच या धंद्यातली पहिली अक्कल.

अण्णा : पण हे पूर्वीपासून असंच? घरचं कुणी अंगाला हात लावत नव्हतं?

मी : पूर्वी सगळं घरीच. बायका आंघोळ घालायच्या, पुढच्या खोलीत ठेवायच्या, गावचा सुतार पेटी करायचा. फर्निचर करणाराच हळूहळू पेटीबरोबर घोडागाडी द्यायला लागला, मग बाकीचंही अंगावर घेतलं. जुन्या गावांत फर्निचर आणि अंत्यविधी एकाच दुकानात असायचे. आमच्या मालकांच्या पणजोबांचंही तसंच. त्यात 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं. पोरं घरापासून शेकडो मैल लांब मेली, उन्हाळ्याचे दिवस, आणि आई-बापांना तर प्रेत घरी हवं. तेव्हा रसायन भरून प्रेत टिकवायचं तंत्र जोरात चाललं. 1865 मध्ये लिंकनचा खून झाल्यावर त्याचं तसं टिकवलेलं शव रेल्वेनं वॉशिंग्टनहून इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला नेलं. वाटेतल्या शहरांत लाखो लोकांनी दर्शन घेतलं. त्यानंतर या पद्धतीला प्रतिष्ठाच आली.

अण्णा : रसायन भरतात म्हणजे पोट फाडतात?

मी : नाही हो. मानेजवळची धमनी उघडतात, यंत्रानं फॉर्मल्डिहाइडचं मिश्रण आत सोडतात, शिरेतून रक्त बाहेर येतं. मग छाती-पोटातलं पाणी नळीनं ओढून घेतात. काही तासांचं काम. ते परवाना असलेला माणूसच करतो, मी त्या खोलीत जात नाही. पुढचं मात्र पाहिलंय. नातेवाइकांकडून आम्ही कपडे मागवतो, आतले कपडेसुद्धा, आणि एक फोटो. भांग कुठल्या बाजूला, मिशी कशी, हे फोटोवरून. चष्मा आठवणीनं मागायचा, नाहीतर नातवंडं म्हणतात हे आजोबा नव्हेत. बाई असेल तर तिचे केस नेहमी ज्या पार्लरमध्ये व्हायचे तिथलीच मुलगी येऊन करते. एकदा एका शेतकऱ्याच्या नखांत ट्रॅक्टरचं ग्रीस होतं. मालकीणबाई ब्रशनं घासायला बसल्या, तर त्याची बायको म्हणाली, राहू द्या, स्वच्छ नखांचा माणूस मी कधी बघितलाच नाही. ठेवलं तसंच.

अण्णा : बरं वाटलं ऐकून. पण हे रसायन कायद्यानं भरावंच लागतं का?

मी : सर्वसाधारणपणे नाही. आणि भरावंच लागतं असं खोटं सांगणं हाच गुन्हा. लगेच दहन किंवा दफन करायचं असेल, पेटी उघडी ठेवून दर्शन नसेल, तर बहुतेक वेळा थंड खोली पुरते. इथं लोक संध्याकाळी चार ते सात अशी दर्शनाची वेळ ठेवतात. गाव रांगेनं येतं, पेटीपाशी थांबतं, घरच्यांचा हात हातात घेतं, वहीत नाव लिहितं. त्यासाठी रसायन. ज्याला दर्शन नको त्याला रसायन नको.

अण्णा : आता खरं बोल. पैसे किती?

मी : इथल्या फ्युनरल डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा 2023 चा आकडा आहे. दर्शन, विधी आणि दफन असं सगळं धरून मध्यम खर्च 8,300 डॉलर. दर्शन ठेवून मग दहन केलं तर 6,280. यात कबरीची जागा आणि दगड धरलेला नाही.

अण्णा : आठ हजार डॉलर! म्हणजे सात लाखांच्या आसपास की गं. आमच्याकडं त्यात दोन पोरींची लग्नं उरकतात.

मी : म्हणून तर आता इथंही दहन वाढलंय. 1960 मध्ये शंभरातले चारसुद्धा दहन करत नव्हते. कॅथलिक चर्चनं 1963 मध्ये परवानगी दिली. 2015 च्या सुमारास दहन दफनापेक्षा पुढे गेलं, आता शंभरातले साठ दहनच करतात. दर्शन नाही, विधी नाही, सरळ दहन, असं घेतलं तर एक ते तीन हजार डॉलरांत होतं, गावागावाप्रमाणे.

अण्णा : पण मला एक सांग. दुःखातला माणूस घासाघीस करत नाही. आपल्याकडंसुद्धा दहाव्या-तेराव्याची यादी येते, गादी, छत्री, चपला, पितळेची भांडी. बापासाठी नाही कसं म्हणायचं, म्हणून सगळं आणतात. मग इथं लुटत नाहीत का?

मी : लुटायचे. काही ठिकाणी अजून लुटतात. 1963 मध्ये जेसिका मिटफर्ड या बाईंनी 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' नावाचं पुस्तक लिहून या धंद्याची सालटी काढली. त्यानंतर वीस वर्षं चर्चा, सुनावण्या, आणि शेवटी 1984 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनचा फ्युनरल रूल लागू झाला. तो मला पाठ आहे, कारण त्याचं पालन करणं हेच माझं टेबल. कुणीही दारात येऊन खर्चाची चौकशी केली की पहिल्यांदा छापील दरपत्रक हातात द्यायचं, आणि ते त्यानं घरी न्यायचं. प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा. फोनवर विचारलं तर नाव-गाव न विचारता दर सांगायचे. पेट्यांची यादी पेट्या दाखवण्याआधी.

अण्णा : आधी का?

मी : कारण पेट्यांच्या खोलीत डोकं चालत नाही, अण्णा. महोगनी, ओक, जाड पत्रा, पातळ पत्रा, आतून रेशीम, उशी. एकीला रबराची पट्टी असते, हवा-पाणी आत जात नाही म्हणे. त्या पट्टीनं प्रेत कायम टिकतं असं सांगायलाही नियमानं बंदी आहे. मुलगी रडत आत येते, समोर स्वस्तातली करड्या रंगाची पेटी आणि शेजारी चमकणारी. आईला करड्या पेटीत घालू का? इथंच खिसा कापला जातो. यादी आधी हातात असेल तर आकडा ठरवून माणूस आत जातो.

अण्णा : पेटी बाहेरून आणली तर चालेल?

मी : चालेल, आणि आम्ही त्याबद्दल जादा पैसे लावू शकत नाही. कॉस्टकोसारखं दुकानसुद्धा पेट्या विकतं. आमच्या आयोवातच डुब्युकजवळ न्यू मेलरे नावाचा मठ आहे. तिथले ट्रॅपिस्ट साधू स्वतःच्या जंगलातल्या लाकडाच्या पेट्या करून विकतात. सुरेख काम असतं. आणि दहनासाठी तर लाकडाची पेटी लागतच नाही. जाड पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची चालते, आणि ती मागितली तर आम्हाला उपलब्ध करून द्यावीच लागते.

अण्णा : मग टाळता न येणारा खर्च कोणता?

मी : एकच. मूळ सेवाशुल्क. चोवीस तास फोन, परवाने, कागद, मालकांचा वेळ, ते त्यात येतं. बाकी सगळं नको म्हणता येतं. पण लोकांना हे माहीत नसतं, आणि सगळे आमच्या मालकांसारखे नसतात. ट्रेड कमिशननं गिऱ्हाईक बनून अडीचशेहून जास्त फ्युनरल होमना फोन लावले आणि जानेवारी 2024 मध्ये 39 जणांना ताकीद दिली. बहुतेकांनी फोनवर दरच सांगितले नव्हते. शिवाय पाटीवर जुनं घरगुती नाव आणि मालक मात्र ह्यूस्टनची बडी कंपनी, असंही बऱ्याच शहरांत असतं. विचारायचं, मालक कोण? यात संकोच कसला.

अण्णा : तू सारखी कागद कागद म्हणतेस. एवढे कसले कागद?

मी : तेच तर खरं काम. माझ्या मते फ्युनरल होमला जे पैसे द्यावेत ते यासाठी द्यावेत, पेटीसाठी नव्हे. मृत्यूचा दाखला आम्ही भरतो. आईचं माहेरचं नाव, शिक्षण, आयुष्यभर काय काम केलं, सगळं त्यात लागतं. डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून सही करतात, ते त्यांच्याकडून वेळेत काढून घेणं हे माझं नशीब. मग प्रमाणित प्रती. प्रत्येक प्रतीला पैसे पडतात, तरी मी आठ-दहा घ्यायला सांगते. बँक, विमा, पेन्शन, गाडी, घर, शेअर, जो तो मूळ प्रत मागतो. पेन्शनच्या सरकारी खात्याला, म्हणजे सोशल सिक्युरिटीला, मृत्यू आम्हीच कळवतो. तिथून विधवेला किंवा विधुराला एकरकमी 255 डॉलर मिळतात. ती मर्यादा 1954 पासून तेवढीच आहे.

अण्णा : सरकार सगळीकडं सारखंच.

मी : एका आजींना पन्नास वर्षांच्या संसारात एकदाही चेक लिहायची वेळ आली नव्हती. सगळं आजोबा बघायचे. आजोबा गेल्यावर आजी पिशवीभर बिलं घेऊन आमच्याकडे आल्या. दुपारभर बसून मी वीज, गॅस, फोन, केबल सगळ्यांना फोन लावून नाव बदलून दिलं. दरपत्रकात याला रकाना नाही. लहान गावात हे होतं, मोठ्या शहरात होईल याची खात्री मी देणार नाही.

अण्णा : माझी गाडी आता आपल्या लोकांवर. इथं आपल्यातला कुणी गेला तर? भडाग्नी द्यायचा कुणी, मडकं फोडायचं कुठं?

मी : झालंय तसं. पलीकडच्या गावात एका मराठी मुलाचे वडील भेटीला आलेले, झोपेतच गेले. मुलाचा पहिला प्रश्न तोच होता, भडाग्नी देता येईल का? उघड्या चितेला इथं जवळजवळ कुठेच परवानगी नाही, सगळं भट्टीत. पण काय काय करता येतं ते मालकांनी स्वतः विचारून घेतलं. मुलानं आणि जावयानं आमच्या खोलीतच आंघोळ घातली, धोतर नेसवलं. तुळशीपत्र आणि गंगाजल मुखात. समईला नाही म्हणावं लागलं, धुराचा अलार्म वाजतो आणि अग्निशमनची गाडी येते. कापराची एक वडी, वाटीत, मागचं दार उघडून, तेवढं चाललं. गुरुजी शिकागोहून फोनवर होते.

अण्णा : आणि मडकं?

मी : मागच्या आवारात काँक्रीट आहे, तिथं फोडलं. मडकं कुठलं, तर बागेच्या दुकानातली मातीची कुंडी. भोक आयतंच होतं. फोडायला दगड मुलीनं अंगणातून आणला, तोच अश्मा म्हणून जपून ठेवला. मग भट्टी असलेल्या गावी चाळीस मिनिटांवर गेलो. आसपासच्या सगळ्या फ्युनरल होममध्ये मिळून तिथं एकच भट्टी आहे. घरच्यांना समोर उभं राहता येतं, आधी सांगावं लागतं, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे. पेटी आत गेली, दार बंद झालं, आणि बटण मुलानं दाबलं.

अण्णा : बटण...

मी : मलाही कसंतरीच झालं होतं. पण त्याचा हात कापत होता, आणि मला नाही वाटत की तिथं काडी असती तर काही वेगळं झालं असतं.

अण्णा : हं. किती वेळ लागतो?

मी : साधारण आठशे-नऊशे अंश सेल्सियस, दोन-तीन तास. आधी पेसमेकर असेल तर काढावाच लागतो, आत त्याचा स्फोट होतो. आणि गेल्या गेल्या दहन होत नाही हे आपल्या लोकांना फार जड जातं. बऱ्याच राज्यांत एक-दोन दिवस थांबण्याचा नियम आहे, वर मेडिकल एक्झामिनरची लेखी परवानगी लागते आणि जवळच्या नातेवाइकाची सही. आपल्याकडे सूर्य मावळायच्या आत उरकायची घाई. इथं चार दिवस धरून चालायचं. बरोबर एक धातूचा बिल्ला आत जातो, त्यावर नंबर. शेवटी राखेबरोबर तोच बाहेर येतो, म्हणजे अदलाबदल नको.

अण्णा : तिसऱ्या दिवशी सावडायचं कसं मग?

मी : सावडायला काही उरत नाही, कारण हाडं यंत्रात दळून पूड करून देतात. दोनेक किलो, प्लास्टिकच्या डब्यात. पण दळू नका असं आधी सांगितलं तर काही भट्टीवाले ऐकतात. त्या मुलानं सांगितलं नव्हतं, मीही सुचवलं नव्हतं. आता येणाऱ्या प्रत्येक हिंदू घराला मी पहिल्यांदा हेच विचारते.

अण्णा : आणि अस्थी पंढरपूरला, नाशिकला न्यायच्या असतील तर?

मी : हातातल्या सामानात नेता येतात. डबा लाकडी किंवा प्लास्टिकचा हवा, म्हणजे एक्स-रेत आरपार दिसतो. पितळी कलश अडवला जातो, आणि सुरक्षावाले डबा उघडून बघत नाहीत, त्यामुळे आत काय हे पटवायला दुसरा मार्गच नाही. बरोबर मृत्यूचा दाखला, दहनाचं प्रमाणपत्र, गेलेल्याचा पासपोर्ट आणि भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र. आयोवा शिकागोच्या वकिलातीखाली येतं. अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवायच्या तर कुरिअर कंपन्या घेत नाहीत, फक्त सरकारी टपाल.

अण्णा : अस्थी नको, माणूसच घरी न्यायचा असं कुणी म्हणालं तर?

मी : म्हणतात ना. शिकायला आलेला मुलगा असतो, आई-वडील तिकडे, त्यांना तोंड बघायचं असतं. तिथं मात्र रसायन भरावं लागतं. ते भरल्याचं प्रमाणपत्र, संसर्गजन्य रोग नाही याचं पत्र, हवाबंद पेटी, वकिलातीचं ना-हरकत, रद्द केलेला पासपोर्ट. विमान कंपन्या नोंदणी असलेल्या फ्युनरल होमकडूनच शव घेतात, घरच्यांनी परस्पर काही करता येत नाही. तिकडे विमानतळावर कोण ताब्यात घेणार, गावापर्यंत रुग्णवाहिका कोण आणणार, तेही इथूनच ठरवावं लागतं. आठवडा सहज जातो. खर्च दहनाच्या कितीतरी पट.

अण्णा : फौजी माणसाचं काय करतात इथं? आमच्या साताऱ्यात घरटी एक जण सैन्यात, म्हणून विचारतो.

मी : तुम्हाला आवडेल ते. नोकरीचा कागद दाखवला की आम्हीच लष्कराला कळवतो. निदान दोन जवान गणवेशात येतात, बिगुल वाजतो, पेटीवरचा झेंडा घडी घालून बायकोच्या किंवा आईच्या हातात देतात. कबरीचा दगड सरकार फुकट देतं. अंत्ययात्रेत मोटारी दिवे लावून एकामागं एक जातात आणि समोरून येणारा ट्रकवालासुद्धा कडेला थांबतो.

अण्णा : आणि जेवण?

मी : चर्चच्या तळघरात. बटाट्याचा चीज घातलेला भाजून केलेला पदार्थ, हॅमचे सँडविच, जेलो. ते मात्र गावातल्या बायकाच करतात, त्याचं बिल आम्ही लावत नाही. तुमच्या कडू घासाला इथं चव आहे एवढाच फरक.

अण्णा : नंतर तुमचा संबंध संपला?

मी : पाहुणे गेल्यावर घर रिकामं होतं, तेव्हा मालकीणबाई फोन करतात. महिन्यानं एक, पहिल्या ख्रिसमसला एक. महिन्यातून एकदा आमच्या हॉलमध्ये जोडीदार गेलेली माणसं जमतात, कॉफी पितात, बोलतात. बरेचसे पुरुष पहिल्यांदा आले की हवामानावरच बोलतात. पुन्हा येतात मात्र.

अण्णा : आमच्याकडं पण आता गावं रिकामी व्हायला लागली. पोरं पुण्यात, हिंजवडीत. मागं खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून मी ट्रॅक्टर बोलावला होता. 2022 मध्ये मुंबईच्या एका कंपनीनं दिल्लीच्या व्यापार मेळ्यात सजवलेली तिरडीच मांडली होती. साडेसदतीस हजारांत आधीच नाव नोंदवायचं, मेल्यावर सगळं ते बघणार. मोबाइलवर फोटो आला तेव्हा पारावर सगळे हसलो.

मी : इथं त्याला कुणी हसत नाही. जिवंतपणी येऊन गाणी निवडतात, पेटी निवडतात, पैसे भरून ठेवतात. त्यातही खाचा आहेत. पैसे ट्रस्टमध्ये जातात की विम्यात, गाव सोडलं तर परत मिळतात का, हे लेखी घ्यावं. मिझुरीतली अशी आगाऊ पैसे घेणारी एक मोठी कंपनी 2008 मध्ये बुडाली आणि हजारो लोकांचे करार अडकले. म्हणून मी सांगते, इच्छा लिहून ठेवा, पोरांना सांगून ठेवा, पैसे मात्र शक्यतो आपल्याच बँकेत पोराच्या जोड नावावर ठेवा. आमच्या मालकांना हे सांगू नका.

अण्णा : नाही सांगत. मला इंग्रजी कुठं येतंय. पण एक विचारू? माझं इथं काही झालं तर, तुझ्या डोक्याला किती ताप?

मी : कमी. तुमचा प्रवासी विमा घेताना मी एक ओळ शोधूनच घेतला, रिपॅट्रिएशन ऑफ रिमेन्स. म्हणजे शव मायदेशी पाठवायचा खर्च. तिथं रक्कम किती आणि इथल्या इथं दहनाचा खर्च धरलाय का, दोन्ही बघायचं. बऱ्याच स्वस्त विम्यात ही रक्कम इतकी थोडी असते की निम्मा खर्च खिशातून. आणि जुन्या आजारानं मृत्यू झाला तर देणार की नाही, हेही त्याच पानावर बारीक अक्षरात असतं.

अण्णा : हे लिहून काढ आणि छापायला दे. आमच्या तालुक्यातनं उन्हाळ्यात किती आई-बाप विमानात बसतात तुला माहीत नाही. तिकीट, लोणचं, थंडीचे कपडे, सगळं बघतात. हे कुणी बघत नाही.

मी : मग तुमच्याच नावानं लिहिते. आई-वडिलांना बोलावताना त्या ओळीतली रक्कम वाचा. त्यांचा मूळ पासपोर्ट आणि विम्याचा क्रमांक घरात सगळ्यांना माहीत असेल अशा एकाच जागी ठेवा. वकिलातीचा चोवीस तासांचा नंबर फोनमध्ये घाला. आणि एका मोकळ्या दुपारी जवळच्या दोन फ्युनरल होमना फोन करून सरळ दहनाचा दर विचारा. नाव सांगावं लागत नाही, आणि दर सांगणं त्यांना कायद्यानं भाग आहे.